श्वास वाजणारी बाळं : सगळाच आवाज कफाचा नसतो

अनघा_नाशिक (मूळ लेख)

नमस्कार मंडळी,

पावसाळा लागला की बालसंगोपन विभागात एक प्रश्न हमखास येतो, "बाळाच्या छातीत घरघर होतेय, काय करू?" खाली लगेच ओव्याची पुरचुंडी, तुळशीचा रस, वेखंडाचा लेप असे प्रतिसाद यायला लागतात. बहुतेक बाळांना सर्दीच असते आणि आठवडाभरात ती पुन्हा खेळायला लागतात. पण काही बाळांचा श्वास कफामुळे वाजत नसतो. हवा जिच्यातून जाते ती नळीच जन्मतः वेगळी घडलेली असते. माझी मुलगी त्यातलीच एक. तेव्हा मी रात्र रात्र शोधत बसायचे आणि मराठीत हाताला काही लागायचं नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

तिचा श्वास पहिल्यापासून वाजायचा. घेतानाही आणि सोडतानाही, ओलसर, कपडे धुण्याचं मशीन चालू असावं तसा. दूध पिताना दोन घोट झाले की थांबायची, दम खायची, पुन्हा ओढायची. प्रत्येक सर्दीला दवाखाना, नेब्युलायझर आणि घरी पाठवणी. फाईलवर एकदा 'बाळदमा' लिहिलं गेलं, मग पुढे ज्याने ज्याने फाईल उघडली त्याने तेच वाचलं. माझी तक्रार एवढीच की दम्याच्या औषधाने एकदाही फरक पडला नाही आणि तो का पडत नाही, हे कुणी विचारलं नाही.

एका तापात ती इतकी दमली की व्हेंटिलेटर लावायची वेळ आली. घशातून नळी घातली, ती स्वरयंत्र ओलांडून गेली आणि पुढे सरकेना. तिथल्या भूलतज्ज्ञ बाईंनी जोर केला नाही. सगळ्यात बारीक नळी मागवली, ती अडलेल्या जागेच्या वरच ठेवली, हाताने फुगा दाबत श्वास देत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा दमा नाही. खाली रस्ताच बारीक आहे. सीटी अँजिओ करून घ्या." त्या बाईंचे उपकार जन्मभर फिटणार नाहीत.

निदान आलं ते असं. आपल्या श्वासनलिकेला कूर्चेच्या, म्हणजे लवचीक मऊ हाडाच्या, १६ ते २० कड्या असतात. त्या पूर्ण गोल नसतात, इंग्रजी 'सी' अक्षरासारख्या मागून उघड्या असतात. मागे मऊ स्नायूचा पडदा असतो. घास गिळताना अन्ननलिका फुगते, तेव्हा तो पडदा तिला जागा करून देतो. माझ्या मुलीच्या श्वासनलिकेच्या बऱ्याच लांबीत या कड्या पूर्ण गोल होत्या, मागे पडदाच नव्हता, आणि नळी जागोजागी दोन-अडीच मिलिमीटरवर आली होती. याला कम्प्लीट ट्रॅकियल रिंग्ज म्हणतात. शिवाय डाव्या फुफ्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी उजव्या वाहिनीतून निघून श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्या मधून डावीकडे वळली होती. तिला पल्मनरी आर्टरी स्लिंग म्हणतात. हे दोन दोष पुष्कळदा जोडीने येतात, त्यामुळे एक सापडला की दुसरा मुद्दाम शोधायचा असतो.

ऑपरेशन झालं ते स्लाइड ट्रॅकिओप्लास्टी. सर्जनांनी मला कागदावर काढून दाखवलं होतं. अरुंद भाग बरोबर मध्यावर आडवा कापायचा. वरच्या तुकड्याला मागून उभी चीर, खालच्या तुकड्याला पुढून. मग दोन्ही तुकडे एकमेकांवर सरकवून शिवायचे. त्या भागाची लांबी निम्मी होते, घेर दुप्पट होतो, आणि हवेला मिळणारी जागा जवळपास चौपट. बाहेरचं काही लावावं लागत नाही, बाळाचीच नळी बाळाला पुरते. हे करताना हार्ट-लंग मशीनवर ठेवतात आणि त्याच वेळी ती रक्तवाहिनीही योग्य जागी जोडतात.

आज ती शाळेत जाते, जिना चढते, भांडते. खोकला अजून जरा खडखडीत आहे.

ज्यांच्या घरात असं काही झालंय त्यांनी इथे लिहा. डॉक्टर मंडळी असतील तर त्यांनीही लिहा. मला एकच गोष्ट सगळ्यांपर्यंत पोचवायची आहे. बाळाचा श्वास सर्दी नसतानाही वाजत असेल, किंवा औषधाने बदलत नसेल, तर "दुर्बिणीने बघायचं का?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारा.

---

सुमतीआजी

अनघा, वाचून जीव गलबलला गं. पोरीला उदंड आयुष्य लाभो.

आमच्या वेळी असल्या बाळाला "घुरघुऱ्या" म्हणायचे. न्हाऊ घालणारी बाई यायची, ती घशात बोट घालून कफ काढायची, उलटं धरून पाठ थोपटायची. आंघोळीनंतर निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, लसणाच्या साली टाकून धुरी. माझ्या सुनेकडे आता बाळ आहे, तिने धुरीला साफ नकार दिला म्हणून मी जरा रुसले होते. खरंच त्रास होतो का धुरीने? जाणत्यांनी सांगावं.

---

भूलवैद्य

आजी, तुमच्या सुनेचं बरोबर आहे. धूर कुठल्याच बाळाला देऊ नये, आणि श्वास वाजणाऱ्या बाळाला तर अजिबात नाही. घशात बोट घालणंही बंद करायला सांगा. त्याने टाळूला आणि घशाला जखम होते, सूज येते, आणि आधीच बारीक असलेला रस्ता आणखी बारीक होतो. मेळघाटात अशा बाळांच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. पोट उडतंय म्हणून पोटाला डागतात. पोट उडत असतं ते श्वासासाठी झगडताना.

मी लहान मुलांना भूल देण्याचं काम आयुष्यभर केलं, आता निवृत्त आहे. अनघाताईंनी इतकं नेमकं लिहिलंय की त्यात भर घालायची ती फक्त 'ऐकायचं कसं' याची.

आधी सूज आणि अरुंदपणा यांचं गणित. तान्ह्या बाळाची श्वासनलिका चार-पाच मिलिमीटर रुंद असते. चार धरा. आतून सगळीकडून एकच मिलिमीटर सूज आली तर उरले दोन. जागा उरली पाव, आणि शांत वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा वाढला १६ पट. मोठ्या माणसाच्या घशाला तेवढीच सूज आली तर तो आवाज बसला म्हणून गरम पाण्याच्या गुळण्या करील. म्हणून ज्या सर्दीत मोठं भावंड नुसतं शिंकतं त्याच सर्दीत अशा बाळाला दवाखान्यात न्यावं लागतं.

आता आवाज. श्वास घेताना छाती आतून ओढते, तेव्हा गळ्यातला, म्हणजे छातीबाहेरचा रस्ता मिटायला बघतो. श्वास सोडताना उलट, छातीतला रस्ता दाबला जातो. म्हणून आवाज श्वास घेताना येत असेल तर दोष बहुधा स्वरयंत्रापाशी किंवा वर असतो. सोडताना येत असेल तर खाली, छातीतल्या श्वासनलिकेत. दोन्ही वेळेला येत असेल तर रस्ता कुठेतरी पक्का अरुंद आहे, स्वरयंत्राच्या लगेच खाली किंवा अनघाताईंच्या मुलीसारखा आणखी खाली. ही तिसरी जात सगळ्यांत आधी बघायची. यावरून निदान होत नाही, पण बाळाच्या उघड्या छातीचा एक मिनिटाचा व्हिडिओ, शांत असताना, पिताना आणि झोपेत, डॉक्टरांना दाखवलात तर त्यांना खूप कळतं. दवाखान्यात बाळ रडत असतं, तिथे हे दिसत नाही.

घाबरणाऱ्यांसाठी हेही सांगतो. तान्ह्या बाळाचा श्वास वाजण्याचं सगळ्यांत मोठं कारण लॅरिंगोमलेशिया. स्वरयंत्राच्या वरचा भाग अजून मऊ असतो, श्वास घेताना आत कोसळतो, बारीक किरकिरता आवाज येतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुरू होतो, काही महिने वाढतो, आणि दीड-दोन वर्षांत बहुतेक बाळांचा आपोआप जातो. दहातल्या एखाद-दुसऱ्यालाच ऑपरेशन लागतं, तेही तोंडातून दुर्बिणीने, बाहेर टाका नाही. दूध घशाशी येण्याचा त्रास मात्र यात पुष्कळांना असतो, त्याच्याकडे लक्ष द्यावं.

---

मृण्मयी_ठाणे

भूलवैद्यकाका, माझ्या लेकाला लॅरिंगोमलेशिया होता. जागेपणीच नाकातून बारीक दुर्बीण घालून पाच मिनिटांत बघितलं, भूल नाही, काही नाही. ईएनटी डॉक्टरांनी मला स्क्रीनवर दाखवलं. स्वरयंत्राचं झाकण कडेने दुमडून वळलेलं आणि प्रत्येक श्वासाला आत ओढलं जात होतं. बघितल्यावर माझी भीती निम्मी झाली, कारण आता ती काय आहे ते माहीत होतं.

वजन दर पंधरवड्याला केलं. ते वाढत राहिलं म्हणून काहीच केलं नाही. आता तो इतका मोठ्याने ओरडतो की खालच्या मजल्यावर ऐकू जातं. नवीन आयांनो, सगळ्या श्वास वाजणाऱ्या बाळांचं असंच ऑपरेशनपर्यंत जात नाही.

पालथं झोपवल्यावर त्याचा आवाज कमी व्हायचा, म्हणून मी तसंच झोपवायचे.

---

भूलवैद्य

मृण्मयीताई, अनुभव फार चांगला लिहिलात. फक्त शेवटच्या ओळीबद्दल इतर आयांसाठी सांगतो. पालथं ठेवायचं ते बाळ जागं असताना आणि तुम्ही समोर असताना. झोपवायचं उताणंच. हनुवटी फार लहान आणि जीभ मागे पडणारी बाळं, म्हणजे पिएर रॉबिनची, त्यांना डॉक्टर मुद्दाम पालथं ठेवायला सांगतात. तो निर्णय त्यांचा.

---

रोहित७७

स्पष्टच बोलतो. असे धागे वाचून पहिलटकरणी रात्रभर बाळाच्या छातीकडे बघत बसतात. माझ्या बायकोचं तेच झालंय. साधी सर्दी होती, तिने गूगल करून तीन दुर्मीळ आजार काढले. बाळाचे डॉक्टर सांगतील ना काय ते.

---

अनघा_नाशिक

रोहितदादा, वहिनींची काळजी मला कळते आणि तुमचा मुद्दाही. पण मी घाबरले होते ती माहिती वाचून नाही, माहिती नव्हती म्हणून. "काहीतरी चुकतंय" हे मला कळत होतं आणि ते सांगायला शब्द नव्हते. "घरघर होते" म्हटलं की समोरचा कफच ऐकतो. "श्वास घेताना आणि सोडताना दोन्ही वेळा आवाज येतो, सर्दी नसतानाही येतो, दूध पिताना थांबावं लागतं" असं म्हटलं असतं तर ऐकणाऱ्याने वेगळा विचार केला असता असं मला मनापासून वाटतं.

वहिनींना एवढं सांगा. बाळ गुलाबी आहे, पोटभर पितंय, वजन वाढतंय, बरगड्यांखाली आणि गळ्याच्या खळगीत खड्डा पडत नाही, तर रात्री निवांत झोपा. ओठ निळे पडले, श्वास मध्येच थांबला, पिताना धाप लागून पिणं सुटलं, तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा.

---

रोहित७७

पटलं. तिला वाचायला देतो.

---

कोल्हापूरची_आई

मी पहिल्यांदाच लिहितेय, चुका पोटात घाला.

माझ्या मुलाचा जन्म झाला आणि तोंडातून फेस थांबेना. नर्सताई पुसत होत्या, पुन्हा फेस. मग त्यांनी नाकातून पोटात नळी घालायचा प्रयत्न केला, ती दहा सेंटीमीटरवर अडली. एक्स-रेमध्ये नळी वरच गुंडाळलेली दिसली. अन्ननलिका वरून येऊन मध्येच बंद, आणि खालचा तुकडा श्वासनलिकेला जोडलेला. पोटात हवा दिसत होती, ती त्या चुकीच्या वाटेने गेलेली. सातव्या महिन्यापासून माझं पाणी जास्त होतं, सोनोग्राफीत लिहिलेलं होतं. बाळ पोटात पाणी गिळू शकत नव्हतं म्हणून ते साठत होतं, हे नंतर समजलं.

त्या नर्सताईंनी पहिलं दूध पाजू दिलं नाही. सासूबाई मध घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांनाही थांबवलं. एक घोट गेला असता तर फुफ्फुसात गेला असता. बाळाला डोकं वर करून ठेवलं, वरच्या पिशवीतली लाळ सतत ओढायची सोय केली, आणि मग लहान मुलांच्या सर्जनकडे पाठवलं.

ऑपरेशनने दोन्ही नळ्या वेगळ्या केल्या. आम्हाला वाटलं, झालं. पण अशा बाळांच्या श्वासनलिकेची भिंत बहुतेक वेळा मऊच असते, हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. त्याचा खोकला भुंकल्यासारखा येतो. लग्नाला गेलो की चार माणसं वळून बघतात, बायका आपली मुलं बाजूला घेतात. मला दर वेळी सांगावं लागतं की हा संसर्गाचा खोकला नाही, त्याच्या नळीचा आवाज आहे. बाळ असताना एकदा पिताना तो निळा पडून ढिला झाला होता, त्याबद्दल मला लिहवत नाही. पुढे महाधमनी पुढच्या हाडाला बांधून श्वासनलिकेला मोकळी जागा करून दिली, त्यानंतर तसं पुन्हा झालं नाही.

---

भूलवैद्य

ताई, चुका कसल्या. तुम्ही लिहिलेला शब्दन् शब्द प्रसूतिगृहातल्या प्रत्येकाने वाचावा.

हा दोष अडीच ते साडेचार हजार जन्मांमागे एका बाळात दिसतो, म्हणजे तसा फार दुर्मीळ नाही. १९४१ पर्यंत अशी बाळं दगावायचीच, अगदी क्वचित एखादं टप्प्याटप्प्याने ऑपरेशनं करून वाचलं असेल. त्या वर्षी अमेरिकेत मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे कॅमेरून हाइट यांनी अन्ननलिकेची दोन्ही टोकं एकाच ऑपरेशनात जोडून बाळ जगवलं. आज चांगल्या केंद्रात, बाळाचं वजन बरं असेल आणि हृदयाचा मोठा दोष नसेल, तर बहुतेक सगळी बाळं वाचतात. म्हणूनच पहिल्या काही तासांत ओळखण्याला एवढी किंमत आहे.

अशा बाळाचं हृदय, मूत्रपिंड, मणके, गुदद्वार आणि हात हेही तपासून घेतात, कारण हे अवयव घडतात त्याच आठवड्यांत तेही बिघडू शकतात.

आणखी एक लक्षण सांगून ठेवतो. नवजात बाळ शांत असताना निळं आणि रडलं की गुलाबी होत असेल, तर नाकाची मागची वाट दोन्हीकडून बंद असू शकते. तान्ही बाळं नाकानेच श्वास घेतात, तोंड उघडतात ती रडताना. तिथेही साध्या बारीक नळीनेच शंका येते. नाकातून ती घशात जातच नाही.

---

रेवा_सांगली

नमस्कार. धागा वाचून हात थरथरतायत, तरी लिहिते. माझी मुलगी दीड महिन्याची आहे. पहिले तीन-चार आठवडे काही नव्हतं. आता श्वासाचा आवाज येतो, घेतानाही येतो आणि सोडतानाही, रोज थोडा वाढतोय. रडली की जास्त. डॉक्टरांनी क्रूप, म्हणजे संसर्गाने स्वरयंत्रापाशी आलेली सूज असेल म्हणून स्टिरॉइड दिलं, दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. ताप नाही, सर्दी नाही. दूध पिते पण दमते. बाकी छान आहे, हसते. आई म्हणते माझाही श्वास लहानपणी वाजायचा. हनुवटीवर एक लाल चट्टा आहे, जन्मली तेव्हा नव्हता, नंतर उमटला, सगळे म्हणतात नशीबवान आहे.

---

भूलवैद्य

रेवाताई, उद्या नाही, आजच लहान मुलांच्या ईएनटी सर्जनकडे किंवा जिथे मुलांचा आयसीयू आहे अशा मोठ्या रुग्णालयात जा. घाबरवायला सांगत नाही, कारण मला जी शंका येतेय तिच्यावर चांगलं औषध आहे.

जन्मानंतर उमटलेला, वाढत जाणारा लाल चट्टा बहुधा हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची गाठ असते. हनुवटी, खालचा ओठ, जबडा, मानेचा पुढचा भाग, म्हणजे पुरुषाला दाढी येते त्या पट्ट्यात तो असेल, तर तसलीच गाठ कधी कधी स्वरयंत्राच्या खालीही असते. ती जन्मतः जवळपास नसते, पहिल्या दोन-तीन महिन्यांत भराभर वाढते. स्टिरॉइडने तात्पुरती आकसते, म्हणून क्रूप वाटते. तुम्ही सहज लिहिलेली चट्ट्याची ओळ तिथे सगळ्यांत आधी सांगा. आणि जाताना दुधाची वेळ चुकवू नका.

---

मृण्मयी_ठाणे

रेवा, गेलात की इथे एक ओळ टाक. सगळे वाट बघतोय.

---

परदेसाई_लंडन

रेवाताईंसाठी प्रार्थना. दरम्यान अनघाताईंनी लिहिलेल्या ऑपरेशनबद्दल थोडं. स्लाइड ट्रॅकिओप्लास्टीचं पहिलं वर्णन १९८९ मध्ये लंडनच्या ब्रॉम्प्टन हॉस्पिटलच्या सर्जनांनी प्रसिद्ध केलं. त्याआधी बरगडीची कूर्चा किंवा हृदयाच्या आवरणाचा तुकडा ठिगळ म्हणून लावायचे. इथे ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलमध्ये मुलांच्या गंभीर श्वासनलिका विकारांसाठी राष्ट्रीय सेवा आहे. माझ्या भाचीला तिथे पाठवलं होतं. मला सगळ्यांत भावलं ते हे की हृदयाचे सर्जन, ईएनटी, भूलतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ, फिजिओ, नर्स सगळे एका टेबलाभोवती बसून एकाच बाळाबद्दल बोलत होते.

एक शंका. मूलपेशींपासून कृत्रिम श्वासनलिका बनवल्याच्या बातम्या पूर्वी वाचल्या होत्या. तिचं पुढे काय झालं?

---

भूलवैद्य

त्याबद्दल सावध करायलाच हवं, कारण अजूनही व्हॉट्सॲपवर ती जुनी बातमी फिरते आणि आईबाप आशेने फोन करतात.

२०११ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का विद्यापीठ रुग्णालयात पाओलो मॅकियारिनी या सर्जनने प्लॅस्टिकच्या नळीवर रुग्णाच्या मूलपेशी पसरवून ती बसवली. जगभर गाजावाजा झाला. प्लॅस्टिकवर जिवंत अस्तर कधी धरलंच नाही. तिथे ज्यांच्यावर हे ऑपरेशन झालं ते तिन्ही रुग्ण पुढे दगावले. तिथल्याच सहकारी डॉक्टरांनी धोका पत्करून हे उघड केलं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने त्याचे दोन लेख २०१८ मध्ये मागे घेतले, आणि २०२३ मध्ये अपील न्यायालयाने त्याला अडीच वर्षांची कैद सुनावली.

तेव्हा कुणी मूलपेशींची श्वासनलिका विकत असेल तर जाऊ नका. बाळाची स्वतःचीच नळी सरकवून शिवणं हे कमी चमकदार वाटतं, पण त्यावर हजारो श्वास रोज चालतात.

---

रेवा_सांगली

एक ओळ म्हणत होतात, जास्त लिहिते.

त्याच संध्याकाळी निघालो. मी दारातच चट्ट्याचं सांगितलं, रेसिडेंट डॉक्टर लगेच आत घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी भूल देऊन दुर्बीण केली. काकांनी लिहिलं तेच निघालं. स्वरयंत्राच्या खाली डावीकडून लालसर मऊ फुगवटा, निम्म्याहून जास्त रस्ता अडलेला. प्रोप्रॅनोलॉल सुरू केलंय. हे तर माझ्या आजोबांचं रक्तदाबाचं औषध, असं मी विचारलं, तर डॉक्टर म्हणाले की २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांना दुसऱ्याच कारणासाठी दिलेल्या या औषधाने बाळांच्या गाठी आकसताना दिसल्या, आणि तेव्हापासून उपचारच बदलला. पहिले डोस देताना दर थोड्या वेळाने साखर, नाडी, बीपी बघत होते.

आवाज खरंच कमी झालाय. काल तिने न थांबता दूध संपवलं. मी आणि आई दोघी रडलो.

---

अनघा_नाशिक

रेवा, किती बरं वाटलं म्हणून सांगू! औषध वर्षाच्या आसपास चालेल बहुधा, मनाने बंद करू नकोस.

---

भूलवैद्य

शाब्बास रेवाताई. घरी आल्यावर एकच नियम कडक पाळा. औषध नेहमी दुधासोबत. उलटी होत असेल, बाळ पीत नसेल, तर तो डोस देऊ नका आणि डॉक्टरांना फोन करा, कारण उपाशीपोटी या औषधाने साखर उतरते.

---

सिस्टर_वैशाली

मी मुलांच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे. धाग्यात ट्रॅकिओस्टॉमीचा उल्लेख आला नाही, म्हणून लिहिते. काही बाळांना, विशेषतः स्वरयंत्राखालचा भाग फार अरुंद असेल तर, गळ्याला छेद देऊन नळी बसवावी लागते. पुढे रस्ता मोठा झाला किंवा बरगडीची कूर्चा घालून रुंद केला की ती काढता येते. ती बसवायची म्हटलं की आईबाप खचतात. पण त्या नळीने बाळ घरी जातं, झोपतं, वजन धरतं.

आम्ही घरी सोडायच्या आधी आई आणि आणखी एक जण, दोघांच्या हातून सगळं करून घेतो. सक्शनची, म्हणजे कफ ओढून काढायची नळी किती आत घालायची ते मोजून तिच्यावर खूण करतो. मानेची पट्टी बांधताना तिच्याखाली एक बोट जेमतेम जावं. उशाशी एक पिशवी कायम असते. तिच्यात त्याच मापाची एक नळी, एक माप लहान एक नळी, कात्री, पट्टी, सलाइनच्या कुप्या. ही पिशवी अंगणात जातानाही सोबत.

दोन गोष्टी खेड्यातल्या घरांसाठी. लाइट जाते, म्हणून बॅटरीवर चालणारं किंवा पायाने दाबायचं सक्शन मशीन आधी घ्या, पाळणा नंतर. आणि नळी असलेलं बाळ रडलं तरी आवाज येत नाही, कारण हवा स्वरयंत्रातून जातच नाही. त्याला एकट्याला खोलीत ठेवून स्वयंपाक करता येत नाही. कुणीतरी बघत असावंच लागतं. म्हणून म्हणते, आजी, काकू, मावशी, सगळ्यांनी सक्शन शिकून घ्या. त्या आईला झोप मिळेल. पावडर, अगरबत्ती, चुलीचा धूर या तिन्ही गोष्टी त्या खोलीत नकोत.

---

सुमतीआजी

वैशाली, मी शिकेन गं बाई, या वयातही शिकेन. सुनेला धुरीबद्दल सांगितलं, "तुझं खरं." निखाऱ्याची पाटी माळ्यावर टाकली.

---

बबन_गडचिरोली

आमच्या भागात एवढी दुर्बीण कुठली. भावाचा पोरगा आहे तीन महिन्यांचा, असाच वाजतो, वजन धरत नाही. पैशाचाही प्रश्न आहे. कुठून सुरुवात करावी?

---

सिस्टर_वैशाली

बबनदादा, अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात आरबीएसकेचं पथक कधी येतं ते आशाताईंना विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. पथकाने पाठवलं की जिल्हा रुग्णालयात तपासणी होते आणि तिथून पुढे मेडिकल कॉलेजला. वजन धरत नाही म्हणताय, म्हणजे पथकाची वाट न बघता याच आठवड्यात जिल्हा रुग्णालय गाठा. मोठ्या रुग्णालयात महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा. कुठलं ऑपरेशन बसतं ते तो सांगेल.

---

भूलवैद्य

आणि बबनराव, जाताना मोबाइलवर पोराचा व्हिडिओ काढून न्या. शर्ट काढून, छाती आणि गळा दिसेल असा, पिताना आणि झोपेत. अंगणवाडीतलं वजनाचं कार्ड न्या. कधी व्हेंटिलेटर लागला असेल तर किती मापाची नळी गेली होती ते कार्डावर लिहून घ्या. आयसीयूत नळीवर राहिलेल्या बाळाचा रस्ता नंतर आतून आक्रसू शकतो, आणि पुढे कधी हर्नियासारखं साधं ऑपरेशन असलं तरी भूल देणाऱ्याला हा आकडा सगळ्यांत आधी लागतो. अनघाताई, तुमच्याही लेकीच्या फाईलच्या पहिल्या पानावर तो ठळक अक्षरात लिहून ठेवा.

---

अनघा_नाशिक

आजच लिहिते काका. बबनदादा, व्हिडिओ काढला की मला व्यक्तिगत निरोपात सांगा. जिल्ह्याच्या गावी कुणाला भेटायचं ते विचारून ठेवते.